मैदानाच्या कडेला बसायचं कुठे?

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही मैदानावर रविवारी टेनिस बॉलची मॅच लागली की बघे कसे जमतात ते पाहा. सगळे एकाच बाजूला, मिळेल त्या सावलीत खेटून उभे. बाकी कड ओस. निधी मंजूर झाला की मात्र आधी कमान उभी राहते, मग भलत्याच बाजूला पत्र्याची शेड, जिच्याखाली एप्रिलमध्ये टेकवत नाही.

म्हणून आधी बाजू ठरवायची. खेळपट्टी उत्तर-दक्षिण असते, उतरतं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. बघ्यांनी पश्चिम कडेला, सूर्याकडे पाठ करून बसावं. गोलंदाजाच्या मागची दोन्ही टोकं मोकळी सोडावीत. तिथे माणसं हलली की फलंदाज ओरडणारच.

पश्चिमेला मुरमाचा पायऱ्यांचा बांध घालता येतो. मैदान सपाट करताना निघणारी माती आणि आसपासच्या इमारतींच्या पायातला मुरूम त्याला चालतो. पायरीची उंची मात्र अंदाजाने ठरवू नये. पहिली ओळ सीमारेषेपासून ४ मीटरवर, बसलेल्याचे डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर आणि पायरी ८० सेंटिमीटर रुंद धरा. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या ९ सेंटिमीटर वरून सीमारेषेवर पोचायची, तर दुसरी ओळ ३५ सेंटिमीटर वर हवी. मागे जावं तसं हे अंतर थोडं थोडं वाढतं. सगळ्या पायऱ्या ४० सेंटिमीटरच्या ठेवल्या तर चार ओळींपर्यंत हिशेब बसतो, शिवाय ही उंची बसायलाही सोयीची. पाचव्या ओळीचा मोह टाळावा. व्हीलचेअरसाठी पहिल्या ओळीतच सपाट जागा सोडावी.

मुरूम २०-२० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरने दाबत चढवायचा. पायऱ्यांची कड काळ्या दगडाची. मागच्या उतारावर वाळा लावला तर त्याची खोल मुळं माती धरून ठेवतात. हे सगळं मेअखेर उरकायला हवं, कारण आपला पाऊस नवख्या बांधाची गय करत नाही.

पावसाची दुसरी भानगड अशी, की बांधाने पाण्याची जुनी वाट अडते. एकरभर मैदानावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४ लाख लिटर पाणी होतं. बांधाच्या पायथ्याशी उथळ, गवताळ चर काढून ते शोषखड्ड्याकडे न्यावं. उघडं सिमेंटचं गटार नको. चेंडूमागे धावणाऱ्याचा पाय त्यात हमखास मुरगळतो.

आता झाडं, आणि इथेच दिखाऊपणा नडतो. बहावा, ताम्हण दिसायला सुरेख, पण पानं गळालेल्या दिवसांत सावलीच्या कामाचे नाहीत. स्पर्धांचा हंगाम नोव्हेंबर ते मे. करंज आणि कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळून लगेच नव्या पालवीने भरतात. बकुळ तर बारमाही हिरवी. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, म्हणून माणसं बसतात तिथे तो नको. मेमध्ये दुपारी चार वाजता ६ मीटर उंच झाडाची सावली सुमारे ७ मीटर पडते, डिसेंबरात १३. तेव्हा झाडांची रांग बांधाच्या मागे, पायथ्यालगत हवी. झाडांखाली हरळी लावू नये, सावलीत ती तगत नाही. तिथे मुरूम किंवा फरशी बरी. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवावी.

बदलापुरात उल्हास नदीलगत मात्र बांधाचा विचारच सोडावा. २६ जुलै २००५ आणि पुन्हा २०१९च्या जुलैत या नदीने काय केलं ते गावाला ठाऊक आहे. निळ्या पूररेषेच्या आत भराव घालता येत नाही, आणि घातलाच तर अडलेलं पाणी शेजारच्या सोसायट्यांत शिरेल. तिथे दादरच्या शिवाजी पार्कचा कित्ता गिरवावा. १९२५ साली खुल्या झालेल्या त्या मैदानाची खरी गॅलरी म्हणजे भोवतीचा बुटका कट्टा आणि त्यावर सावली धरणारी जुनी झाडं. पूररेषेत असा कट्टा सलग न बांधता पाण्याला वाट ठेवून तुकड्यातुकड्यांत बांधावा.

उल्हासनगरात अडचण वेगळी. जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये २०११च्या जनगणनेत ५ लाखांवर माणसं. मैदानावर सभा, दसरा, लग्नं सगळंच होतं. मंडपवाले खांबासाठी कुठेही खड्डे घेतात. कडेने लोखंडी पाइप आधीच गाडून त्यांना झाकणं बसवली, तर खांब त्यांत उभे राहतात आणि पायऱ्या वाचतात. झाडांना पहिले तीन उन्हाळे टँकरने पाणी द्यावं लागेल. ते काम ठेकेदाराच्या निविदेतच घालावं आणि शेवटचं बिल तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जगलेली झाडं मोजून काढावं.