लक्षद्वीप: समुद्र अथांग, पाणी मोजके

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रे सगळीकडे पोचली आणि लक्षद्वीपच्या सहलींची चौकशी एकदम वाढली. त्याबरोबर एक समजही रुजला: जिथे चहूकडे समुद्र आणि वर्षभर लख्ख ऊन, तिथे पाणी आणि वीज जपून वापरा असे सांगणे ही केवळ सूचनाफलकाची भाषा आहे. प्रत्यक्षात या बेटांवर पाणी आणि वीज हा एकच प्रश्न आहे, आणि त्याची गाठ केरळच्या किनाऱ्यावरून जहाजाने येणाऱ्या डिझेलशी बांधलेली आहे. सगळ्या बेटांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर, 2011 च्या जनगणनेनुसार 64,473 माणसांची. नदी नाही, ओढा नाही, धरणाला जागा नाही.

पाऊस भरपूर पडतो, वर्षाला साधारण 1600 मिलिमीटर. तो प्रवाळाच्या वाळूत झिरपतो आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन तरंगतो, कारण गोडे पाणी थोडे हलके असते. विहिरींना लागते ते हेच पाणी. घनतेच्या हिशेबाने हा थर समुद्रसपाटीच्या वर एक सेंटिमीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस सेंटिमीटर असतो. प्रत्यक्षात दोन्ही पाणी मिसळत असल्याने वापरण्याजोगा थर आणखी कमी भरतो. पाणी आटले की बोअर शंभर फूट खाली न्यायची, हा महाराष्ट्रातला आपला सवयीचा उपाय इथे उलटतो. खोल गेले की समुद्रच लागतो आणि जोरात पंप चालवला की खारे पाणी वर ओढले जाते. त्यात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे थर भरून निघण्याचे नव्हे, झिजण्याचे महिने. वापरलेले पाणीही फार लांब जात नाही. शौचखड्ड्यातून ते त्याच वाळूत, त्याच थरात उतरते. त्यामुळे इथे कमी पाणी सांडणे म्हणजे विहीर कमी बिघडवणेही आहे.

मग समुद्राचेच पाणी गोडे का करू नये? ते केले जातेच. चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र-तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये कवरत्ती बेटावर असा प्रकल्प सुरू केला. पृष्ठभागावरचे कोमट पाणी निर्वात कक्षात सोडले की त्यातले काही वाफ होते आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून गोडे पाणी मिळते. वरच्या आणि खालच्या पाण्यातला सुमारे पंधरा अंशांचा फरक समुद्र फुकट देतो. परंतु पंप आणि निर्वात यंत्रणा विजेवरच चालतात. शिवाय क्षमता पाहा: रोज एक लाख लिटर, आणि कवरत्तीची वस्ती सुमारे 11 हजार. माणशी नऊ लिटर, पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते. शॉवर एका मिनिटात साधारण तेवढेच पाणी सोडतो. 2024 मध्ये कदमत बेटावर सुरू झालेला प्रकल्प दीड लाख लिटरचा आहे. तिथेही माणशी हिशेब तीस लिटरच्या आतच राहतो.

सौरऊर्जेने हे सगळे मिटेल, ही आशा मोलाची आहे आणि कवरत्तीला बॅटरीसह सौर प्रकल्प उभाही राहिला आहे. अडचण उन्हाची नाही, जागेची आणि वेळेची आहे. एक मेगावॅटच्या पॅनेलना चार-पाच एकर लागतात. ही जमीन माडांतून काढायची की वस्तीतून? पर्यटकांची मोठी मागणी, म्हणजे एसी, रात्री असते आणि रात्र काढण्याइतक्या बॅटऱ्या महाग पडतात. म्हणून अजूनही मुख्य भार डिझेल जनित्रांवर आहे. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिट लागतात. जनित्र लिटरभर डिझेलमधून साधारण तीन-साडेतीन युनिट देते. म्हणजे एका खोलीची एक रात्र सुमारे तीन लिटर डिझेलची, तेही समुद्र ओलांडून आलेल्या.

इतक्या लोकवस्तीत थोड्या पर्यटकांनी काय बिघडते, असे कोणी विचारेल. एकूण लोकसंख्येशी तुलना करणेच इथे चुकते, कारण प्रत्येक बेटाचा थर स्वतंत्र आहे. एका बेटावरची टंचाई शेजारच्या बेटाच्या विहिरीने भागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पर्यटक पैसे मोजतात आणि बेटवासीयांना रोजगार हवा आहे. रोजगार हवाच. पण पैशाने वाळूखालचा थर वाढत नाही, आणि तिथल्या विजेचा दर तिच्या खऱ्या खर्चापेक्षा बराच कमी ठेवलेला असल्याने भरलेल्या बिलात सगळी किंमत फिटतही नाही. तेव्हा लक्षद्वीपला जरूर जा. तिथे बादलीने आंघोळ करा, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, एसी 26 अंशांवर ठेवा, आणि खोली ठरवतानाच यजमानाला विचारा की पावसाचे पाणी साठवायची टाकी आहे का आणि सांडपाण्याचे काय केले जाते.