विकास आराखड्यात तुमचे दुकान आहे काय?

आपल्या व्यापारी बांधवांना नगरपालिकेचा विकास आराखडा, म्हणजे बोलण्यातला 'डी. पी.', बहुधा दोनच वेळा आठवतो. बांधकामाची परवानगी मागायला गेल्यावर जागेवर आरक्षण असल्याचे कळते तेव्हा, आणि रस्ता रुंदीकरणाची खूण दुकानाच्या भिंतीवर पडते तेव्हा. दोन्ही वेळी उशीर झालेला असतो. भिंतीवरची खूण त्याआधी कित्येक वर्षे नकाशावर असते आणि तो नकाशा कायम होण्यापूर्वी त्यावर हरकत घेण्याची संधी कायद्याने प्रत्येकाला दिलेली असते. ही संधी केव्हा येते आणि आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांनी तिचा उपयोग कसा करावा, हे बीड जिल्ह्यातील वाचकांसाठी येथे सांगत आहोत.

हा विषय आताच घेण्याचे कारण आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात अहिल्यानगरहून (पूर्वीचे अहमदनगर) रेल्वे आली. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट जिल्ह्याने तीन दशके पाहिली होती. धुळे-सोलापूर महामार्गाची जड वाहतूक बाह्यवळण रस्त्याने शहराबाहेरून जाऊ लागली आहे. स्टेशन एकीकडे, बायपास दुसरीकडे आणि मोंढा, कारंजा, बशीरगंज, सुभाष रोड हा जुना बाजार मध्ये, असे शहराचे नवे रूप आहे. आष्टी, पाटोदा, केज, वडवणी, शिरूर कासार ही कालपर्यंत ग्रामपंचायतीची असलेली गावे आता नगरपंचायती झाली आहेत. जेथे स्टेशन येते, हद्द वाढते किंवा ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, तेथे आज ना उद्या नवा आराखडा येतो. तो येईल तेव्हा आपण तयार असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रातील सर्व आराखडे 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्याखाली तयार होतात. याच्या कलम ३८ प्रमाणे मंजूर आराखड्याची सुधारणा २० वर्षांतून निदान एकदा करायची असते. शासनाने सांगितले तर आधीही करावी लागते. म्हणजे एक आराखडा एका पिढीचा असतो. बाप दुकानावर बसतो तेव्हा मंजूर झालेला नकाशा मुलगा गल्ल्यावर बसेपर्यंत चालतो.

सुधारणेचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम नगरपालिका आराखडा सुधारण्याचा इरादा जाहीर करते. हा इरादा राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो. मग नगररचना अधिकारी संपूर्ण हद्दीची पाहणी करून आज कोणत्या जमिनीचा कोणता वापर आहे याचा नकाशा तयार करतो. त्यावरून पुढील लोकसंख्येचा अंदाज बांधून शाळा, दवाखाने, बाजार, रस्ते, मैदाने, कब्रस्तान, स्मशानभूमी यांच्या जागा ठरतात आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. नगरपालिकेचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार यांची नियोजन समिती हरकतदारांची सुनावणी घेऊन अहवाल देते. नगरपालिका त्यावर निर्णय करून आराखडा शासनाकडे पाठवते आणि शासन तो मंजूर करते. शासनाने मंजुरीच्या वेळी मोठे बदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

हरकत कोणीही घेऊ शकतो. जागेचा मालक असण्याची अट नाही. भाडेकरू दुकानदार, गॅरेजवाला, शिलाई कारागीर, मशिदीचे विश्वस्त, कब्रस्तानाचे मुतवल्ली या सर्वांना हा हक्क आहे. आपल्यातील बहुतेक लोक भाड्याच्या जागेत धंदा करतात आणि 'जागा आपली नाही, आपण काय बोलणार' असे समजून गप्प बसतात. हा समज चुकीचा आहे.

पाहणीच्या वेळी हजर राहा

आमच्या मते या सर्व टप्प्यांत पाहणीचा टप्पा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. हरकतीच्या वेळी नगरपालिकेत गर्दी होते, पाहणीच्या वेळी कोणी विचारतही नाही. पाहणी करणारा माणूस गल्लीतून जाताना रस्त्यावरून जे दिसते ते टिपून घेतो. आपल्या वस्त्यांमध्ये पुढे राहते घर आणि मागे कारखाना असा प्रकार फार आहे. पुढच्या खोलीत कुटुंब राहते आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाद्या-रजया भरल्या जातात, लोखंडी कपाटे तयार होतात, बेकरीची भट्टी चालते, पाच-सहा मशिनांवर शिलाई होते. बाहेर पाटी नाही, परवाना नाही, वीज घरगुती मीटरची. अशी जागा नकाशावर फक्त 'रहिवास' म्हणून उतरते. मग पुढच्या २० वर्षांसाठी कारागिरांचे गाळे किती लागतील, माल उतरवायला जागा कोठे हवी, याचा हिशेब करताना त्या भट्टीची आणि त्या मशिनांची कोणी गणतीच करत नाही.

पाहणीचे हे महत्त्व जुनेच आहे. १९१४ साली पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार हिंदुस्थानात आले. आधी पाहणी आणि मगच आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीच्या बाजारातून पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते काढून शेकडो घरे पाडण्याला त्यांनी विरोध केला. प्रत्येक घर, प्रत्येक झाड, प्रत्येक चौक पाहून आवश्यक तेवढेच काढावे, असे त्यांनी मद्रास इलाख्यातील शहरांवरच्या अहवालांत मांडले. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. एक शतक उलटले, तरी गल्लीत उतरून पाहणी करण्याचा हा धडा अजून शिल्लकच आहे.

बीडच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आराखडा लोकसंख्येवर चालतो. बीड नगरपालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये १,३८,१९६ होती, ती २०११ मध्ये १,४६,७०९ झाली. दहा वर्षांत वाढ फक्त साडेआठ हजारांची. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि नवी जनगणना २०२७ ची ठरली आहे. जुन्या आकड्यावर आखलेला बाजार उद्याच्या गिऱ्हाइकाला पुरत नाही. म्हणून आपली संख्या आपणच मोजून पुढे ठेवणे भाग आहे.

औरंगाबादचा धडा

आपल्या विभागाचे मुख्य शहर औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. तेथील विस्तारित हद्दीचा आराखडा २०१५ च्या सुमारास वादात सापडून कोर्टात गेला आणि कित्येक वर्षे अडकून पडला. अखेर जुन्या आणि वाढीव हद्दीचा एकत्रित प्रारूप आराखडा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारो हरकती आल्या. दरम्यानच्या काळात वस्ती थांबली नाही, बाजार थांबला नाही. लोकांनी मिळेल तेथे प्लॉट घेतले, दुकाने काढली.

मग २०२५ च्या जून-जुलैत मुकुंदवाडी, जालना रोड, पैठण रोड, बीड बायपास या भागांत आराखड्यातील रुंदीप्रमाणे रस्ते मोकळे करण्याची मोहीम निघाली आणि मोठ्या संख्येने दुकाने, शेड, गॅरेजे पडली. ज्यांच्याकडे बांधकाम परवानगी आहे त्यांचा मोबदल्याचा विचार होईल, अनधिकृत बांधकामाला मोबदला नाही, अशी भूमिका तेथील प्रशासनाने घेतली. यातून आपण घ्यायचे ते इतकेच की आराखडा रखडला म्हणून तो टळत नाही, आणि तो अमलात येतो त्या दिवशी कागदच कामाला येतो.

रंग, रुंदी आणि पूररेषा

प्रारूप नकाशा पाहायला गेल्यावर पुष्कळ जण गोंधळून परत येतात. नकाशा वाचणे अवघड नाही. सर्वसाधारणपणे पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा आणि हिरवा खुल्या जागेचा व शेतीचा असतो. नक्की कोणती खूण कशाची, ते नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीवर पाहावे. आपला सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घेऊन जावे आणि तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, आपल्या जागेचा रंग. दुसरी, समोरच्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी. २ डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक नगरपालिकांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली आहे. रहिवासी विभागात कोणता धंदा चालेल, हे तिच्यात बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. म्हणून रस्ता रुंद होणे नेहमीच तोट्याचे नसते. पुढचे चार फूट जातात, पण मागच्या जागेला दुकानाची परवानगी मिळू शकते. तोटा होतो तो ज्याचे दुकानच चार फुटांचे आहे त्याचा, आणि असे दुकानदार आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी एकेकट्याने न जाता ओळीतील सर्वांनी मिळून, पर्यायी गाळ्यांची मागणी लेखी करावी.

तिसरी गोष्ट पूररेषा. बिंदुसरेच्या दोन्ही काठांवर वस्ती आणि बाजार आहे. जुलै १९८९ च्या पुराने शहराची केलेली नासाडी जुन्या माणसांना अजून आठवते. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, निळ्या व लाल रेषेच्या मध्ये ते कडक अटींवर होते. स्वस्त मिळतो म्हणून नदीकाठचा प्लॉट घेण्यापूर्वी ही रेषा पाहिली पाहिजे. येथे आम्ही नियमाच्या बाजूचे आहोत, कारण पूर परवाना विचारत नाही.

आरक्षण पडले तर

जागेवर आरक्षण पडले म्हणजे ती लगेच सरकारची झाली, असे नाही. ती नगरपालिकेने मोबदला देऊन घ्यावी लागते. मोबदला समझोत्याने रोख, विकास हक्काच्या म्हणजे टी. डी. आर.च्या रूपाने, किंवा भूसंपादन कायद्याने मिळतो. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली नोटीस देता येते. नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादनाची खरी कारवाई झाली नाही तर आरक्षण संपते. ही मुदत २०१५ पूर्वी १२ महिन्यांची होती. नुसती पत्रापत्री म्हणजे कारवाई नव्हे, असे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये 'गिरनार ट्रेडर्स' या खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र ज्याने नोटीसच दिली नाही, त्याच्या जागेवर सुधारित आराखड्यात तेच आरक्षण पुन्हा पडले तर वर्षांची मोजणी नव्याने सुरू होण्याचा धोका आहे. जुने आरक्षण असलेल्यांनी सुधारणा सुरू होण्यापूर्वीच वकिलाला भेटावे.

भाडेकरूची गोष्ट वेगळी. टी. डी. आर. मालकाला मिळतो, भाडेकरूच्या हाती काही येत नाही. परंतु २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या व्याख्येत भाडेकरू आणि कारागीर यांनाही घेतले आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जागी काम करून पोट भरत असल्याचे दिसले पाहिजे. हे दाखवायला पुरावा लागतो. हातगाडी व फूटपाथवरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेते असावेत आणि दर पाच वर्षांनी पाहणी व्हावी, असे सांगितले आहे. बागवान व मनियार बांधवांनी आपल्या गावात ही पाहणी झाली काय आणि आपले नाव यादीत आले काय, हे नगरपालिकेत विचारावे.

आजपासून काय करावे

पहिले काम कागदाचे. भाडेपावती, वीजबिल, दुकान नोंदणी, उद्यम नोंदणी, मालमत्ता कराची पावती ही सर्व एका फाईलमध्ये, दुकानाच्या पत्त्यासह ठेवावीत. दुसरे, प्रत्येक गल्लीतील दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी वहीत यादी करावी: दुकान किंवा कारखाना कोणता, किती वर्षांपासून, किती माणसे कामाला, मालक की भाडेकरू. नगररचना अधिकाऱ्याला पाहणीच्या वेळीच ती अर्जासोबत द्यावी आणि पोच घ्यावी. तिसरे, कब्रस्तान, ईदगाह व वक्फ जमिनींचे मोजणी नकाशे विश्वस्तांनी तयार ठेवावेत. वस्ती वाढली तर वाढीव कब्रस्तानाची आणि कत्तलखान्याच्या योग्य जागेची मागणी सूचना म्हणून वेळेत द्यावी. चौथे, हरकत लिहिताना रागाची भाषा टाळावी. सर्व्हे नंबर, रस्त्याचा क्रमांक, नुकसान आणि सुचवलेला पर्याय एवढेच एका कागदावर लिहावे. शेवटची तारीख नोटिशीतच पाहावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे.

जिल्ह्यातील नगरपालिकांवर सुमारे चार वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर पुन्हा लोकांनी निवडलेले नगरसेवक आले आहेत. येत्या जुम्याला नमाजनंतर आपल्या वॉर्डातील नगरसेवकाला एवढेच विचारावे: आपल्या गावाचा आराखडा कोणत्या साली मंजूर झाला, आणि त्याची २० वर्षे केव्हा भरतात? जे उत्तर मिळेल ते त्याच गल्लीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे.