पॉवर प्रेस आणि मालकाची जबाबदारी
भोसरी परिसरातल्या लहान वर्कशॉपांत पत्र्याचे सुटे भाग पॉवर प्रेसवर कापले, वाकवले जातात. डायमध्ये हात असताना प्रेस खाली आला की बोटे जातात. हे टाळता येते. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही, अशी सोय केली तर हात डायखाली राहतच नाही. डायभोवती हात आत जाऊ न देणारा गार्डही बसवता येतो. पण गार्ड काढला की नग जास्त निघतात, आणि खरा धोका इथेच असतो. गार्ड बसवणे आणि तो जागेवर ठेवणे, हे मालकाचेच काम. तरीही अपघात झाला, तर कामगाराच्या भरपाईचे तत्त्व १९२३च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेले आहे: कामामुळे, काम करताना अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास ‘कामगारानेच गार्ड काढला होता’ ही सबबही चालत नाही.