कॅश ड्राइव्ह घ्यायचा की नाही?

घरचा मीडिया सर्व्हर : भाग ६

मागच्या भागात हार्ड डिस्क किती आणि किती क्षमतेच्या घ्यायच्या, ते ठरवलं. आता पुढचा प्रश्न. सर्व्हर जुळवायला घेतला की कुणीतरी सांगतंच, ‘हार्ड डिस्क संथ असतात, पुढे एक एसएसडी कॅश म्हणून लाव.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. कॅश म्हणजे मोठ्या, संथ साठ्याच्या पुढे ठेवलेला छोटा, वेगवान साठा. मिसळणाचा डबा ओट्यावर आणि वर्षाचे गहू माळ्यावर, अशी ही व्यवस्था. जे सारखं लागतं त्यालाच तिचा फायदा. तेव्हा घरच्या सर्व्हरवर सारखं काय लागतं, ते आधी पाहू.

सिनेमाला वेग किती लागतो?

डीव्हीडीचा प्रवाह जास्तीत जास्त सेकंदाला १० मेगाबिट असतो. ब्लू-रेचा ५४, तर फोर-के ब्लू-रेची कमाल मर्यादा १२८ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सर्वांत जड सिनेमालाही सेकंदाला १६ मेगाबाइट पुरतात. आजची साधी ३.५ इंची हार्ड डिस्क सलग वाचताना दीडशे मेगाबाइट सहज देते. हॉलमध्ये आजी नाटक लावते, आतल्या खोलीत मुलं कार्टून बघतात, तिसरं कुणी फोनवर सिनेमा पाहतं. तिन्ही फोर-के धरले तरी बेरीज ४८ मेगाबाइट होते. डिस्कचं वाचणारं डोकं तीन ठिकाणी फिरवावं लागलं तरी डिस्कला हे झेपतं, कारण टीव्ही आणि फोन पुढचा काही भाग आधीच मागवून ठेवतात.

तरीही चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा वाटेत असतो. अनेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, त्यातून १२८ मेगाबिटचा प्रवाह जाणारच नाही. वाय-फायचं दुखणं मुंबईच्या उपनगरात आणखी मोठं. मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या टॉवरमध्ये फोनवर नेटवर्कची यादी उघडून पाहा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. सगळे शेजारी त्यांतच दाटीवाटीने बसलेले असतात. इथे एसएसडी लावून काडीचाही फरक पडत नाही. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घेतला किंवा गिगाबिट पोर्टच्या स्ट्रीमिंग बॉक्सला केबल जोडली, तर पडतो.

वाचनाची कॅश घरात का चालत नाही?

नेटफ्लिक्स आपल्या ‘ओपन कनेक्ट’ योजनेत इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच स्वतःची यंत्रं बसवतं आणि गर्दी नसलेल्या वेळी त्यांत मालिका-सिनेमे भरून ठेवतं. ते फायद्याचं ठरतं, कारण एकाच संध्याकाळी शहरातले हजारो लोक तीच मालिका मागतात. आपल्या घरात माणसं चार. एक सिनेमा एकदा पाहिला की तो महिनोन्महिने उघडत नाही. कॅशमध्ये कालचा सिनेमा पडून असतो आणि आज आपण वेगळाच लावतो. सिनॉलॉजीच्या तयार सर्व्हरमधल्या एसएसडी कॅशमध्ये सलग वाचन कॅशबाहेर ठेवण्याची सोयच आहे, ती याचसाठी.

शिवाय एक कॅश तुमच्याकडे आधीच आहे, ती म्हणजे रॅम. लिनक्स मोकळी रॅम फाइलींसाठी आपणहून वापरतं. ट्रूनॅस या सर्व्हर प्रणालीतली झेडएफएस फाइल प्रणालीही तेच करते. तिला जोडीला एसएसडीची दुसरी कॅश दिली, तर त्या कॅशची नोंदवही ठेवायलाही रॅमच खर्ची पडते. म्हणून ८ जीबी रॅमच्या सर्व्हरला आधी १६ जीबी करा.

एसएसडीची खरी जागा

आता दुसरी बाजू. जेलीफिन किंवा प्लेक्ससारखं सिनेमे दाखवणारं अ‍ॅप उघडताच पडद्यावर पोस्टर येतात, नटांची छायाचित्रं येतात, कोणता भाग कुठपर्यंत पाहिला त्याची खूण येते. हे सगळं एका डेटाबेसमध्ये आणि हजारो लहान फाइलींमध्ये विखुरलेलं असतं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर अर्धी फेरी व्हायला ४ मिलिसेकंद लागतात, डोकं जागेवर न्यायला आणखी ८-९. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी विखुरलेल्या जागा वाचता येतात. चारशे पोस्टर वेगवेगळ्या ठिकाणी पडली असतील, तर पाच सेकंद नुसती वाट पाहायची. हेच काम साधी सॅटा एसएसडी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करते.

तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम, अ‍ॅप, त्याचा डेटाबेस आणि पोस्टर एसएसडीवर ठेवा, सिनेमे हार्ड डिस्कवर. याला २५० जीबीची एसएसडी पुरते, जुन्या लॅपटॉपमधून काढलेली धडधाकट असली तरी चालेल. ही कॅश नव्हे. त्या फाइलींचा मुक्काम कायम तिथेच. म्हणून त्या डेटाबेसची प्रत दर आठवड्याला हार्ड डिस्कवर पडेल, अशी सोय करून ठेवा.

लिहिण्याची कॅश कुणाला लागते?

अनरेडसारख्या सर्व्हर प्रणालीत एक डिस्क पॅरिटीसाठी, म्हणजे दुसरी एखादी डिस्क बिघडली तर तिचा मजकूर परत मिळवण्यासाठी, राखलेली असते. तिथे एक तुकडा लिहायचा तर जुना मजकूर आणि जुनी पॅरिटी वाचावी लागते, मग दोन्ही पुन्हा लिहाव्या लागतात. वेग सेकंदाला पन्नास मेगाबाइटच्या आसपास येतो. लग्नाच्या चित्रणाचं ६४ जीबीचं कार्ड उतरवायला मग एकवीस मिनिटं लागतात. पुढे कॅश एसएसडी असेल तर गिगाबिट केबलवर दहा मिनिटांत काम होतं, आणि रात्री ‘मूव्हर’ तो माल हार्ड डिस्कवर नेतो. जुन्या मिनी-डीव्ही कॅसेटी उतरवणारे, ज्यांच्या तासाभराच्या चित्रणाला १३ जीबी लागतात, किंवा रोज शूटिंग आणणारे, यांना ही सोय मोलाची आहे. महिन्यातून एकदा फोनमधले व्हिडिओ चढवणाऱ्याला ती दहा मिनिटं वाचवून फारसं काही मिळत नाही.

उपनगरातल्या घरांसाठी आणखी एक कारण विचारात घ्यावं. वन रूम किचनमध्ये सर्व्हर आणि अंथरूण एकाच खोलीत असतात. रात्री चार डिस्कची घरघर आणि मे महिन्यातली त्यांची ऊब, दोन्ही जाणवतात. नवं लिखाण आणि अ‍ॅप एसएसडीवर असेल, तर हार्ड डिस्क दिवसाचे बरेच तास झोपू शकतात. जागी पण रिकामी डिस्क साधारण ५ वॅट घेते, झोपलेली एकाहून कमी. चार डिस्क रोज अठरा तास झोपल्या तर महिन्याला नऊएक युनिट वाचतात, मग बिल अंधेरीला अदानीचं येवो की मुलुंडला महावितरणचं. बदल्यात झोपलेल्या डिस्कवरचा सिनेमा सुरू व्हायला दहा सेकंद जास्त लागतील.

कॅशचा धोका

मूव्हर चालेपर्यंत नवं चित्रण फक्त त्या एका एसएसडीवर असतं. पॅरिटीचं संरक्षण तिला नाही. म्हणून लिहिण्याची कॅश ठेवायचीच, तर दोन एसएसडी आरशासारख्या जोडा. सिनॉलॉजी तर लिहिण्याच्या कॅशसाठी किमान दोन मागतंच. ते जमत नसेल, तर माल हार्ड डिस्कवर पोहोचल्याशिवाय कार्ड पुसू नका.

विजेचं भानही हवं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळलं, मुंबई अंधारात गेली आणि लोकलही थांबल्या. अशा वेळी अर्धवट लिहिलेला डेटाबेस बिघडू शकतो. यूएसबी केबलने सर्व्हरशी बोलणारा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी संपण्याआधी सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. एसएसडी झिजण्याची मात्र धास्ती नको. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या १ टीबी एसएसडीची हमी ६०० टीबी लिखाणाची किंवा पाच वर्षांची आहे. रोज ५० जीबी लिहिलं, तर ६०० टीबी भरायला जवळजवळ तेहतीस वर्षं जातील.

निर्णय कसा घ्यायचा?

लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाण्याआधी हे तपासा :

१. सिनेमा अडखळतो? टीव्हीचं पोर्ट आणि वाय-फाय पाहा. अ‍ॅपच्या डॅशबोर्डवर ‘ट्रान्सकोड’ (व्हिडिओचं रूपांतर) दिसत असेल, तर ओझं प्रोसेसरवर आहे.

२. पोस्टर संथ येतात? अ‍ॅपचा डेटाबेस एसएसडीवर हलवा.

३. फाइली चढवायला वेळ लागतो, आणि ते रोजचंच आहे? पॅरिटी असेल, तर लिहिण्याची कॅश घ्या, दोन एसएसडींची.

४. यातलं काहीच नाही? मग कॅश नको.

बहुतेक घरांचं उत्तर दुसऱ्या किंवा चौथ्या मुद्द्यात सापडेल. वाचलेले पैसे आणखी एका हार्ड डिस्ककडे वळवा आणि तिच्यावर घरच्या चित्रणाची प्रत ठेवा, कारण सिनेमा पुन्हा मिळतो, बाळाच्या बारशाचं चित्रण मिळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उपनगरांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. म्हणून ती प्रत घराबाहेर हवी. ती कुठे ठेवायची आणि कशी ताजी राखायची, ते पुढच्या भागात.