अवकाशातली पाणबुडी

जुन्या विज्ञान-मालिकेच्या भागाचं परीक्षण लिहायचं तर आधी हसून घ्यावं. 'स्टार ट्रेक'चा 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग १५ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर दाखवला गेला. लुटुपुटीच्या कळफलकांवर दिवे लुकलुकतात, यानाला धक्का बसला की सगळे नट एका बाजूला कलतात. पहिल्यांदा बघताना मी वही उघडतच नाही. हे हसू परीक्षणात उतरलं, तर साठ वर्षांपूर्वीच्या बजेटचं परीक्षण होईल, कथेचं नाही.

मग उगम तपासायचा. पॉल श्नायडरच्या या पटकथेवर १९५७ च्या 'द एनिमी बिलो' या चित्रपटाची उघड छाप आहे. तिथे अमेरिकी विनाशिका आणि जर्मन पाणबुडी, इथे नायकांचं यान एंटरप्राइज आणि शत्रूचं, अदृश्य होणारं रोम्युलन यान. उसनवारी किती, हा प्रश्न सोपा आहे. ती कुठे अंगाशी येते, हे शोधायला मजा येते. दोन्ही यानं दबा धरून बसतात आणि एंटरप्राइजवर माणसं हळू आवाजात बोलू लागतात! बाहेर निर्वात पोकळी. आवाज जाणार कुठे? एंटरप्राइजवरचा टोकदार कानांचा अधिकारी स्पॉक, त्याचा हात चुकून कळीवर पडतो आणि शत्रूला सुगावा लागतो, ते यंत्राचा संदेश गेला म्हणून सोडून देऊ. कुजबुजीला मात्र माफी नाही.

नंतर आवाज बंद करून बघायचं. मग संकलन दिसतं. एंटरप्राइजचा कप्तान कर्क याचा चेहरा, रोम्युलन कमांडरचा चेहरा, पुन्हा कर्क. दोघे एका खोलीत कधीच येत नाहीत, तरी समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळतायत असं वाटत राहतं. दिग्दर्शक व्हिन्सेंट मॅकएव्हिटीचं हे श्रेय. कमांडर झालेला मार्क लेनर्ड थकवा नुसत्या डोळ्यांतून दाखवतो. पुढे याच नटाला स्पॉकच्या वडिलांची भूमिका मिळाली. बहुतेक रोम्युलन सैनिकांच्या डोक्यावर शिरस्त्राणं आहेत, कारण प्रत्येकाला टोकदार कान चिकटवणं परवडणारं नव्हतं. पण त्यामुळेच ते प्राचीन रोमचे शिपाई वाटतात. काटकसर अशी कामी यावी!

सगळ्यात जास्त वेळ मी एंटरप्राइजवरच्या स्टाइल्स या अधिकाऱ्यावर घालवला. शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धात याचे पूर्वज रोम्युलनांशी लढताना मेले. पडद्यावर शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा दिसतो आणि हा स्पॉकलाच हेर समजू लागतो. शीतयुद्धाच्या काळात, अमेरिकी घराघरांत हे दाखवणं धाडसाचंच. बैठकीत हल्ला करा म्हणणारा स्टाइल्स असतो आणि त्याला दुजोरा देतो खुद्द स्पॉक. एकाचा द्वेष, दुसऱ्याचं तर्कशास्त्र, सल्ला एकच. लेखक यावर भाष्य करत नाही, म्हणून हा प्रसंग भागातला सर्वोत्तम.

शेवट मात्र सोयीचा. विषारी वायूतून स्पॉक स्टाइल्सला ओढून बाहेर काढतो आणि त्याचा पूर्वग्रह विरघळतो. जीव वाचवला म्हणून माणूस चांगला ठरला. वाचवला नसता तर? सुरुवातीला जिचं लग्न धोक्याच्या भोंग्याने अडतं, त्या अँजेलाचा होणारा नवरा मरतो. तिच्या वाट्याला एक मिठी आणि एखाददुसरं वाक्य येतं. सबंध चढाईत एंटरप्राइजवर मेलेला हा एकच माणूस, त्याचं दुःख इतक्या घाईत उरकायला नको होतं.

एवढं धरूनही पहिल्या सीझनच्या वरच्या पाच भागांत मी याला बसवेन. 'स्टार ट्रेक' कधीच न पाहिलेल्याने इथून सुरुवात करायला हरकत नाही. २००६ मध्ये याची संगणकावर नवी दृश्यं घातलेली आवृत्ती निघाली. ब्लू-रेवर दोन्हींची निवड मिळते. जुनीच लावा.