निजामाच्या स्वाराचे लाकडी म्यान

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निजामाच्या घोडेस्वारांची रोहिल्यांशी एक चकमक झाली. त्यानंतर डॉक्टरांनी मेलेल्यांची आणि जखमींची जी नोंद केली, ती वाचून कॅप्टन लुई नोलन चक्रावला. कुणाचे मुंडके धडावेगळे, कुणाचे दोन्ही हात मनगटाच्या वरून तुटलेले, कुणाचा पाय मांडीतून. नोलन स्वतः इंग्रजांच्या १५ व्या हुसार्स रिसाल्यातला कसलेला अधिकारी होता. आपल्या तलवारींनी असे घाव होत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. मग या स्वारांच्या हाती आहे तरी काय?

कोणीही आधी पोलादाकडेच बोट दाखवेल. निजामाच्याच मुलखातले निर्मळ आणि गोदावरीपलीकडचे कोनासमुद्रम हा सारा टापू पोलादाचे माहेरघर. मातीच्या मुशीत लोखंड भरायचे, तोंड लिंपायचे आणि कोळशाच्या भट्टीत तासन्‌तास तापवून सावकाश निवू द्यायचे. मुशीतून निघणाऱ्या पोलादाच्या वड्या इराणपर्यंत जात. १८२० च्या सुमारास भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी कोनासमुद्रमला गेला, तेव्हा इस्फहानचा एक व्यापारी तिथे माल घ्यायला येऊन राहिला होता. अशा पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी उमटते, तिचे कोडे सुटायला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवून दिले की, लोखंडात टक्क्याच्या शतांशाहूनही कमी व्हॅनेडियम असले तरी ही नक्षी उठते.

पण नोलनला मिळालेले उत्तर वेगळेच निघाले. स्वारांच्या हातातली ती पाती इंग्रजांचीच होती, त्यांच्या फौजेने मोडीत काढलेली! स्वारांनी ती घेऊन त्यांवर आपल्या पद्धतीची लहान, चपटी मूठ चढवली आणि मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार लावली. परदेशी पात्याला देशी मूठ चढवणे आपल्याकडे नवे नव्हतेच. मराठ्यांची फिरंग तशीच घडे. शिवाय हे स्वार शिलेदार होते. घोडा स्वतःचा, हत्यारही स्वतःचे, त्यामुळे त्याची निगा राखण्यात हयगय नव्हती. शिकवणीचे गुपित विचारले, तेव्हा एका जुन्या स्वाराने सांगितले की शिकवायचे काही नसते. धार असली की कुणाच्याही हातात तलवार कापतेच.

खरी गंमत होती म्यानात. स्वारांचे म्यान लाकडी, आणि लढाईवाचून तलवार उपसायची नाही हा दंडक. इंग्रज स्वाराचे म्यान पोलादी. कवायतीत तलवार काढता-घालताना आणि घोड्याच्या चालीवर हिंदकळताना धार धातूवर घासे आणि लढाईआधीच बोथट होई. १८५३ साली नोलनने हे सगळे आपल्या घोडदळावरच्या पुस्तकात लिहिले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८५४ ला, क्रिमियातल्या बालाक्लाव्हाच्या हल्ल्यात तो मारला गेला.

पुस्तक मात्र समुद्र ओलांडून गेले. १८६४ साली, अमेरिकेतले यादवी युद्ध ऐन भरात असताना, दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात ते छापले गेले. त्या युद्धातल्या तलवारींमागे आज जगभरचे संग्राहक लागलेले असतात. १८४० च्या नमुन्याची जड तलवार, जिला शिपाई वैतागून ‘मनगटमोड’ म्हणत. १८६० च्या नमुन्याची हलकी, सुमारे ३५ इंच पात्याची. मुठीजवळ चिकोपीच्या एम्स कारखान्याचा ठसा, साल, तपासनिसाची आद्याक्षरे आहेत का, हे जाणकार भिंग लावून पाहतात. सोबत मूळ म्यान असले तर किंमत चढते. ते म्यान लोखंडी असते. म्हणजे नोलनने ज्याला धारेचा वैरी ठरवले, त्याच जातीचे. पाती तर बहुधा बोथटच दिली जात. उत्तरेकडच्या फौजेच्या वैद्यकीय नोंदींत सुमारे अडीच लाख जखमांपैकी संगिनी आणि तलवारी मिळून झालेल्या जखमा हजाराच्याही आत आहेत. याचे मोठे कारण अर्थातच बंदुका. हातघाईची वेळ येण्याआधीच गोळी माणसाला गाठत होती.

१९१३ साली अमेरिकेने घोडदळासाठी शेवटची नवी तलवार स्वीकारली. तिचा आराखडा होता तरुण लेफ्टनंट जॉर्ज पॅटनचा: पाते सरळ आणि भर भोसकण्यावर. संचलनासाठी तिला चकचकीत धातूचे म्यान होते. मोहिमेवर न्यायचे म्यान मात्र लाकडाचे केले होते, वरून कच्चे कातडे आणि किरमिच चढवलेले. निजामाच्या शिलेदाराला त्यात नवल वाटले नसते. त्याला प्रश्न पडला असता तो एवढाच, की इतकी वर्षे का लागली?