अथेन्सचा खटला (लेखांक ४)
इ. स. पू. ३९९ मध्ये सत्तरीच्या सॉक्रेटिसवर अथेन्समध्ये खटला चालला. तो नगराचे देव मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप होते. सुमारे ५०० नागरिकांच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवले. प्लेटोच्या वृत्तांतानुसार ३० मते फिरली असती तरी तो सुटला असता. अखंड प्रश्न विचारणारा माणूस समाजाला तारक की मारक, याबद्दल खुद्द अथेन्सचेच एकमत नव्हते.

सॉक्रेटिसची रीत सर्वपरिचित होती. सेनापतीला तो धैर्य म्हणजे काय असे विचारी, मिळालेल्या उत्तरातूनच विसंगती काढी, आणि संवाद संपला तरी पक्की व्याख्या हाती पडत नसे. जुने उत्तर मोडायचे आणि नवे द्यायचे नाही, याची चीड येणे स्वाभाविक होते.

तरुणांनी यातून नेमके काय उचलले, हे त्याचा शिष्य झेनोफन याने सांगितलेल्या एका प्रसंगातून दिसते. विशीही न गाठलेला अल्किबायडीस आपला पालक आणि अथेन्सचा नेता पेरिक्लीस याला कायदा म्हणजे काय, असे विचारतो. लोकांनी सभेत ठरवून लिहून काढलेला तो कायदा, असे उत्तर येते. मग हुकूमशहाने लिहिलेले काय? पटवून न देता लादलेली ती बळजबरी, हे पेरिक्लीस कबूल करतो. आणि बहुमताने न पटवता लादलेले तेही तसेच, हेही त्याला मान्य करावे लागते. तुझ्या वयात आम्हीही अशा वादात पटाईत होतो, म्हणून तो विषय आवरता घेतो. पुढे भर युद्धात अल्किबायडीस अथेन्सच्या शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. सॉक्रेटिसचा दुसरा सहवासी क्रिटियास इ. स. पू. ४०४ मध्ये तीस जुलमी शासकांचा म्होरक्या झाला. सॉक्रेटिसला मारले ते क्रिटियासचा गुरू म्हणून, असे अर्धशतकानंतर वक्ता एस्किनीस न्यायसभेपुढे उघड बोलला.

तेव्हा फिर्याद निव्वळ खोडसाळ नव्हती. तरीही दोष प्रश्नांपेक्षा अर्धवट शिकण्याचा म्हणावा लागतो. दुसऱ्याला निरुत्तर करण्याची कला या शिष्यांना साधली. स्वतःलाही त्याच प्रश्नांपुढे उभे करण्याची सवय मात्र लागली नाही. गुरूला ती होती, आणि तिचा उपयोग नगराला एकदा प्रत्यक्ष झाला असता. इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिन्यूसीची आरमारी लढाई जिंकूनही बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सेनापतींवर खटला झाला. सगळ्यांचा निकाल एकाच मतदानात लावावा, असा संतापलेल्या सभेचा आग्रह होता. तो बेकायदा होता. सभेचे काम चालवणाऱ्या मंडळातले इतर सदस्य दबले, सॉक्रेटिस अडून राहिला. त्याचे कोणी ऐकले नाही. सहा सेनापतींना देहान्त झाला. पुढे त्याच अथेन्सकरांना पश्चात्ताप झाला.

लोकशाहीला प्रश्नांची धास्ती वाटली, तशी जुलमी राजवटीलाही वाटली. क्रिटियासने वादकला शिकवण्यावर बंदी घातली आणि सॉक्रेटिसला बोलावून तरुणांशी न बोलण्याची ताकीद दिली. तरुण म्हणजे किती वयाचे, असे सॉक्रेटिसने लगेच विचारले. तिशीच्या आतले, असे उत्तर मिळाले. मग तिशीच्या आतल्या दुकानदाराला भावही विचारायचा नाही का, हा त्याचा पुढचा प्रश्न.

पुढे प्लेटोनेही आपल्या ‘रिपब्लिक’मध्ये वादविद्येला वयाची अट घातली. कोवळ्या वयात खंडनाची चटक लागली, तर माणसाची कशावरच श्रद्धा उरत नाही, असे त्याचे कारण. त्याने ठरवलेले वयही तीसच होते. सॉक्रेटिस गेला तेव्हा प्लेटो स्वतः तिशीच्या आतला होता.